चाळीस पौंडांचा सरडा आणि विम्याचा हप्ता

बेळगावात एका सरकारी विमा कंपनीत मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी दावे विभागात. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी भागातल्या किती म्हशी, किती जर्सी गाई आणि किती बैल माझ्या टेबलावरून शेवटच्या प्रवासाला गेले, त्याची गणती नाही. कानातला बिल्ला, पशुवैद्याचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, जनावराचा फोटो आणि ग्रामपंचायतीचा शिक्का, एवढं पाहिल्याशिवाय फाईल पुढे सरकत नसे. ‘बिल्ला नाही तर दावा नाही’ हे वाक्य मी झोपेतही म्हणत असेन, असं आमचे हे म्हणतात. तेव्हा इंग्लंडातल्या लेस्टरहून लेकीने फोनवर, “आई, सरड्याचा विमा उतरवावा का गं?” असं विचारलं, तेव्हा मला हसू आलं खरं, पण ते फार वेळ टिकलं नाही. प्रश्न चेष्टेचा नव्हता.

हा सरडा आपल्या कुंपणावरचा नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला. इंग्रजीत त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात, आपण दाढीवाला सरडा म्हणू. ऑस्ट्रेलियाने आपले वन्य प्राणी विक्रीसाठी बाहेर पाठवणं केव्हाच बंद केलं. आज युरोप-अमेरिकेत घरोघरी दिसतात ते पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. शेपटीसकट दीड-दोन फूट लांबी, आणि नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं, क्वचित त्याहून जास्त आयुष्य. नातवाने वाढदिवसाला हट्ट करून चाळीस पौंडांना आणला आणि नाव ठेवलं बंड्या. मी गेल्या उन्हाळ्यात तिकडे गेले तेव्हा पहिले चार दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी तो काचेपलीकडून मान तिरपी करून माझ्याकडे बघत होता. आमच्या खानापूरच्या घरामागे घोरपड यायची तिची आठवण झाली, आणि मग मीच त्याला कोथिंबिरीची काडी दिली.

तर हा बंड्या दीड वर्षाचा झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की हा बंड्या नव्हे, बंडी आहे. लहानपणी यांचं नर-मादी ओळखणं कठीण असतं, त्यात नवल नाही. नवल पुढचं. या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते, आपल्या कोंबडीसारखी. ती अंडी फळत नाहीत, पण शरीरात तयार होतात, एका खेपेला वीसेक. एखादे वेळी ती बाहेरच पडत नाहीत, आत अडकून बसतात. मग इंजेक्शनं, आणि ती लागू पडली नाहीत तर पोट उघडून शस्त्रक्रिया. त्या दवाखान्याने खर्चाचा अंदाज छापील कागदावर लिहून दिला होता. नुसत्या तपासणीचे ६२ पौंड, एक्स-रे आणि रक्ततपासणी धरली तर २२० पर्यंत, आणि शस्त्रक्रिया करावीच लागली तर सगळं मिळून सुमारे ८५०.

“चाळीस पौंडांचा सरडा आणि साडेआठशेचं ऑपरेशन!” लेक म्हणाली. नातू शेजारी होता. त्याने काही विचारलं नाही, पण फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता.

इथेच मला माझी सगळी नोकरी उलटी करून बघावी लागली. आपल्याकडे गुरांचा विमा म्हणजे जनावराच्या किमतीचा विमा. म्हैस मेली की तिची बाजारभावाने ठरलेली किंमत शेतकऱ्याला मिळते, कारण म्हैस ही त्याची कमाई असते, कर्जाचं तारण असते. औषधपाण्याचा खर्च बहुधा विम्यात नसतोच. तो करतो शेतकरी, किंवा सरकारी दवाखाना. तिकडच्या पाळीव प्राण्यांच्या विम्याचं गणित वेगळं. तिथे प्राण्याची किंमत गौण, डॉक्टरचं बिल मुख्य. बंड्या मेली तर कंपनी चाळीस पौंड देणार, तेही ठरावीक वयापर्यंतच. त्या चाळीस पौंडांसाठी विमा घेण्यात काहीही अर्थ नाही. म्हणून ‘एवढ्याशा किमतीच्या प्राण्याला विमा कशाला’ हा प्रश्नच मुळात चुकीच्या वहीत लिहिलेला आहे. प्रश्न असा विचारायला हवा, की साडेआठशेचं बिल एका दिवसात समोर आलं तर या घरात ते भरता येईल का?

आणि भरता आलं नाही तर काय? इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ चा प्राणी कल्याण कायदा आहे. पाळलेल्या प्राण्याच्या गरजा भागवणं, त्याला वेदनेपासून वाचवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी. कुत्रा असो, सरडा असो, पाठीचा कणा असलेल्या सगळ्या पाळीव प्राण्यांना हा कायदा लागू. ‘बघू, आपोआप बरं होईल’ म्हणून तडफडत ठेवता येत नाही. म्हणजे उपचार करा, नाहीतर डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शन देऊन शांत करा. अकरा वर्षांच्या मुलाला पैशाअभावी दुसरा पर्याय सांगण्याची वेळ येऊ नये, ही लेकीची खरी काळजी होती. जावयांचं नोकरीचं कंत्राट नुकतंच संपलं होतं, हेही मला माहीत होतं. तिने ते या प्रश्नाशी जोडून सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी तिला म्हटलं, “आधी पॉलिसीची पूर्ण वही पाठव. जाहिरातीचा कागद नको.” सरपटणाऱ्या प्राण्यांचा विमा सगळ्या कंपन्या देत नाहीत. कुत्र्या-मांजरांचा देतात, पण सरडा, साप, कासव, पोपट म्हटलं की मोजक्याच उरतात. तिला मिळालेल्या दोन्ही वह्या मी रात्री जेवणं झाल्यावर चष्मा लावून वाचल्या. शेवटची पानं आधी वाचायची, ही माझी जुनी सवय. विमा काय देतो ते पहिल्या पानावर ठळक असतं. काय देत नाही ते शेवटी, बारीक अक्षरात.

पहिल्या चौदा दिवसांत झालेला आजार धरला जात नाही. हे आपल्याकडेही आहे, गुरांना आजारासाठी बहुधा पंधरा दिवस थांबावं लागतं, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. आधीपासूनचा आजार कधीच धरला जात नाही. दवाखान्याच्या नोंदीत एकदा ‘जबडा किंचित मऊ’ असं लिहिलेलं असलं तर हाडांचा पुढचा सगळा खर्च तुमचा. नेहमीची तपासणी, विष्ठेतल्या जंतांची चाचणी, नखं, कॅल्शियमची पावडर, यातलं काही मिळत नाही. एका वहीत तर प्रत्येक आजाराला बाराच महिने होते. मग तो आजार विम्यातून कायमचा बाहेर. जुनाट दुखण्याच्या प्राण्याला अशी पॉलिसी घेणं म्हणजे पावसाळा सुरू झाल्यावर छत्री परत देण्याचा करार.

पण खरं कलम दुसरंच होतं. ‘अयोग्य निवारा, तापमान, प्रकाश किंवा आहार यामुळे उद्भवलेला आजार’ वगळलेला होता. कुत्र्याच्या पॉलिसीत असं कलम असलं तर मी त्यावरून पुढे गेले असते. सरड्याच्या बाबतीत मात्र याच एका ओळीवर सगळं उभं आहे, कारण पिंजऱ्यातले सरडे आजारी पडतात ते बहुतेक वेळा सांभाळण्यातल्या उणिवेमुळेच.

याचं कारण त्यांच्या शरीरात आहे. आपल्यासारखी आतली शेगडी त्यांना नाही. अन्न पचवायचं तर बाहेरून ऊब हवी. दाढीवाल्या सरड्याला पिंजऱ्याच्या एका टोकाला चाळीस अंशांच्या आसपास तापलेला दगड लागतो आणि दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या जवळपास गारवा, म्हणजे त्याला हवं तिथे जाऊन बसता येतं. शिवाय सूर्यप्रकाशातले अतिनील किरण हवेत, कारण त्यांच्यामुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही. लेस्टरच्या हिवाळ्यात ऊन कुठून आणायचं? म्हणून खास नळीचा दिवा. या दिव्याची गोम अशी, की त्याचा पांढरा उजेड डोळ्यांना वर्षानुवर्षं तसाच दिसतो, पण अतिनील किरण हळूहळू कमी होत जातात. चांगली नळी साधारण वर्षाने बदलावी लागते, साधे लहान दिवे त्याआधीच. दिवा लागतोय ना, मग झालं, असं म्हणून दोन-तीन वर्षं तीच नळी ठेवली तर सरड्याचा जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. हा हाडांचा आजार या प्राण्यांत सगळ्यात जास्त दिसतो. आणि तो नेमका त्या वगळलेल्या कलमात बसतो.

तेव्हा पहिला सल्ला मी विम्याचा दिलाच नाही. नळी कधी बसवली ती तारीख पिंजऱ्यावर चिकटव, म्हटलं. दिव्याची, तापमापकाची, कॅल्शियमच्या डबीची पावती एका फाईलीत ठेव. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बंड्याचं वजन करून वहीत मांड. (काट्यावर आधी कागद घाल, हे सांगायला विसरले नाही.) सरपटणारे प्राणी दुखणं लपवतात. जंगलात दुबळं दिसणारं आधी मरतं, म्हणून ते शेवटपर्यंत धडधाकट असल्याचा आव आणतात. घटतं वजन तेवढं लपवता येत नाही. आणि उद्या कंपनीने ‘तुमच्या सांभाळण्यातच खोट होती’ म्हटलं तर ही वहीच साक्षीदार. नातवाने ती वही इतकी मनावर घेतली की आता त्यात आलेखसुद्धा आहेत.

मग आकडे. दोन वह्यांपैकी बरी वाटली तिचा हप्ता महिना साडेनऊ पौंड, म्हणजे वर्षाला ११४. वर्षभरात जास्तीत जास्त १००० पौंडांपर्यंत उपचाराचा खर्च. प्रत्येक आजाराला पहिले ८० पौंड आपले आणि उरलेल्या रकमेचा पाचवा हिस्साही आपला. ८५० चं बिल आलं तर ८० वजा जाता ७७०, त्याचा पाचवा हिस्सा १५४, म्हणजे आपल्या खिशातून २३४ आणि कंपनीकडून ६१६. कंपनीचे ६१६ म्हणजे साधारण साडेपाच वर्षांचे हप्ते. साडेपाच वर्षांत असं एक ऑपरेशन झालं तर हिशेब बरोबरीत, दोन झाली तर फायदा, एकही झालं नाही तर दहा वर्षांत ११४० पौंड गेले.

जावयांचं म्हणणं, हेच साडेनऊ पौंड वेगळ्या खात्यात टाकावेत. म्हणणं वाजवी आहे, आणि पुष्कळ घरांना मी तेच सांगेन. पण तारीख घालून बघा. आजार तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला आला तर खात्यात ३४२ पौंड जमलेले असतील आणि ५०८ कमी पडतील. चौथ्या महिन्यात आला तर जमलेले ३८ आणि तूट ८१२. बचतीला वेळ लागतो आणि मादी सरड्याची अंडी वेळ बघून येत नाहीत. ज्या घरात पाच-आठशे पौंड केव्हाही बाजूला काढता येतात, त्या घराने सरड्याचा विमा घेऊ नये, खात्यात पैसे टाकावेत आणि निवांत राहावं. ज्या घरात ते निघत नाहीत, त्यांनी निदान बचत साठेपर्यंत तरी घ्यावा. लेकीचं घर त्या वर्षी दुसऱ्या प्रकारात होतं.

यात प्राण्याचाही फरक आहे. छोटा गेको किंवा नर सरडा असता, तर मी एवढी रात्र जागले नसते. कासव असतं तर उलट आणखी जागले असते. भूमध्य सागराकडची हर्मन जातीची कासवं तिकडे पाळतात, ती पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतात, म्हणजे मालकाच्या मृत्युपत्रात त्यांची सोय लावावी लागते. ती महाग असतात, चोरीला जातात. त्यांच्या खरेदी-विक्रीला सरकारी प्रमाणपत्र लागतं, अंगात ओळखीची चिप बसवतात. तिथे चोरीचं कलमही मोलाचं. आणि विषारी साप पाळायचा म्हटला तर चर्चाच नको. ब्रिटनच्या १९७६ च्या धोकादायक वन्य प्राणी कायद्याखाली परवाना लागतो, आणि दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा विमा ही त्या परवान्याचीच अट आहे.

एक शंका मात्र मला काही केल्या सोडेना. कंपनीला कसं कळणार की हा सरडा तोच? कानच बाहेर नाहीत, बिल्ला कुठे मारणार! लेकीने माझ्या आग्रहाखातर फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, “फोटो आणि दवाखान्याची नोंद.” पाठीवरची नक्षी प्रत्येकाची थोडी वेगळी असते म्हणे. मग आम्ही वरून, खालून, दोन्ही कुशींवरून फोटो काढून तारखेसह पाठवले. दुसरं विचारलं ते जास्त महत्त्वाचं. पॉलिसीत ‘प्रजननासंबंधी खर्च’ वगळलेला होता. नराशिवाय, आपोआप आलेली अंडी अडकली तर ते प्रजनन की आजार? हे तोंडी उत्तरावर सोडायचं नाही, लेखी घ्यायचं, असं मी बजावलं. आठ दिवसांनी ईमेल आला. पैदाशीसाठी ठेवलेला प्राणी नसेल तर अडकलेल्या अंड्यांचा उपचार आजार म्हणून धरला जाईल. तो कागद छापून वहीला टाचला आणि मगच लेकीने पहिला हप्ता भरला. हे उत्तर उलट आलं असतं तर मी विमा घेऊ नको म्हणून सांगणार होते. ज्या एका संकटासाठी पॉलिसी घ्यायची तेच तिच्यात नसेल, तर बाकीची सोळा पानं रद्दी.

इकडच्या वाचकांपैकी कोणी घरात कासव ठेवून हे वाचत असेल, तर त्यांचं प्रकरण निराळं आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं तारा कासव ‘लक्ष्मी येते’ म्हणून परसात ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. ते, घोरपड किंवा आपल्याकडचा कुठलाही साप घरी बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यात तुरुंगवास होऊ शकतो. जे कायद्याने जवळ ठेवता येत नाही त्याचा विमाही उतरत नाही, कारण बेकायदा वस्तूवर केलेला करार कोर्टात उभा राहत नाही. परदेशी इग्वाना किंवा बॉल पायथन कोणी पाळला असेल, तर २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्याची नोंद करावी लागते. आपल्याकडे कुत्र्या-मांजरांचा विमा आता मिळतो. सरड्या-सापांना बघणारा डॉक्टर शोधायलाच मोठं शहर गाठावं लागतं, तिथे विम्याआधी त्या डॉक्टरचा फोन नंबर आणि हाताशी थोडी रोकड बरी. लेस्टरमध्ये तरी काय, जवळच्या दवाखान्याने ‘आम्ही सरडे बघत नाही’ म्हणून सांगितलं. बघणारे डॉक्टर चाळीस मैलांवर. गाडीचं पेट्रोल कुठलीच पॉलिसी देत नाही.

फेब्रुवारीत बंड्याने खाणं सोडलं आणि पिंजऱ्याचा कोपरा उकरायला सुरुवात केली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ओलसर माती-वाळूची पेटी तयार होती. दोन दिवस ती त्यात खणत होती, नातू शाळेतून आल्यावर पेटीशेजारी पाटावर बसून अभ्यास करायचा. तिसऱ्या पहाटे बावीस अंडी. मला सकाळी उठल्यावर फोटो दिसला. फोटोत बंड्या पोट खपाटीला गेलेलं, मातीने माखलेली, आणि चेहऱ्यावर आमच्याकडे ज्याला ‘झालं एकदाचं’ म्हणतात तो भाव. दावा करावा लागला नाही. “म्हणजे हप्ते फुकटच गेले की,” जावई म्हणाले. दावे विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईसमोर हे म्हणायला धीर लागतो.

परवा नूतनीकरणाचा कागद आला. हप्ता साडेनऊचा अकरा पौंड वीस पेन्स झाला आहे. जावयांना नवं काम लागलंय, वेगळ्या खात्यात चारशेच्या आसपास साठले आहेत, आणि अंड्यांची दुसरी खेप केव्हाही येऊ शकते. लेक विचारते, आता काय करू? मी तिला कळवलंय, की वाढलेल्या हप्त्यावर अडू नकोस, आधी नव्या वहीत प्रजननाचं कलम जुन्यासारखंच आहे का ते शब्दाशब्दाने ताडून बघ आणि ते पान मला पाठव. पान अजून आलेलं नाही. नातवाने मात्र रविवारचं वजन कळवलंय, चारशे बारा ग्रॅम.